राखून ठेवलेला उजेड

आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं एक छोटं चित्र ब्रेमेनच्या कलासंग्रहात आहे. शाईच्या रेघा आणि त्यांवर जलरंगाचा हलका हात. कमरेच्या वर उघडा असलेला एक माणूस आपल्यासमोर उभा आहे. त्याच्या उजव्या हाताचं बोट बरगड्यांखाली, डाव्या कुशीकडे रोखलेलं आहे आणि बोटाच्या टोकाशी पिवळ्या रंगाचा डाग आहे. वरच्या बाजूला त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय की हा पिवळा डाग आहे, बोट दाखवतोय, तिथे मला दुखतं. बहुधा दूरच्या एखाद्या वैद्याला पाठवण्यासाठी त्यानं हे चित्र काढलं असावं.

याच ड्यूररनं १५०० साली स्वतःला तैलरंगात रंगवलं होतं. ते चित्र म्युनिकला आहे. थेट समोर पाहणारा चेहरा, खांद्यांवर उतरलेले कुरळे केस, फरच्या कॉलरवर टेकलेली लांब बोटं. येशूच्या प्रतिमा ज्या मांडणीत रंगवल्या जात, तीच मांडणी. कलेच्या इतिहासाची पुस्तकं या चित्राला पानंच्या पानं देतात आणि ते योग्यच आहे. तरी माणूस म्हणून ड्यूरर मला त्या लहान कागदावर जास्त भेटतो. आत काहीतरी दुखतंय, ते बाहेरून दिसत नाही आणि दुसऱ्या माणसाला ते नेमकं कळायला हवं, एवढीच तिथे त्याची गरज आहे. त्यासाठी त्यानं चेहरा करुण केलेला नाही, पाठीमागे अंधार भरलेला नाही. त्यानं जागा दाखवली आणि तिथे एक रंग लावला.

जलरंगात स्वतःला रंगवत स्वतःच्या आत पाहायचं, या विषयावरचं हे पुस्तक त्या पिवळ्या डागाच्या भरवशावर लिहिलं आहे. आतलं रंगवायचं म्हणून बसलं की आतलं सहसा सापडत नाही. नाकपुडीजवळची सावली कुठे संपते, डाव्या पापणीचा झोल उजवीपेक्षा किती जास्त आहे, ओठांच्या कोपऱ्यातला रंग जांभळ्याकडे झुकतो की तपकिरीकडे, हे जे समोर आहे ते निष्ठेनं पाहात गेलं की आतलं त्याच्या मागून कागदावर येतं. जलरंग त्याच्या वाटेत येत नाही, कारण या माध्यमात एकदा झालेलं झाकता येत नाही. पुढची सगळी प्रकरणं या एका अनुभवाभोवती रचली आहेत.

जलरंगाची घडण साधी आहे. बारीक वाटलेली रंगपूड, तिला धरून ठेवायला बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, आणि पाणी. पाणी उडून जातं, डिंक रंगाला कागदाशी बांधतो. उरलेला थर इतका पातळ असतो की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या कागदावर पडतो आणि तिथून आपल्या डोळ्यांकडे परत येतो. तैलरंगात पांढरा रंग ट्यूबमधून येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद. त्यामुळे नाकाच्या शेंड्यावरचा, खालच्या ओठावरचा, डोळ्याच्या ओल्या कडेवरचा उजेड चित्राच्या सुरुवातीलाच राखून ठेवावा लागतो. त्यावरून एकदा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, गेला की तो कोरेपणा परत मिळत नाही. ओल्या ब्रशनं रंग सैल करून टिश्यूनं टिपता येतो, पण अलिझरिन क्रिमसनसारखे रंग साडीवर सांडलेल्या हळदीसारखे आत मुरतात. कितीही टिपलं तरी त्यांची झाक मागे राहते.

स्वतःला रंगवताना या तांत्रिक गोष्टीला वेगळं वजन येतं. आपण काय दाखवायचं याचा विचार माणूस नेहमीच करत असतो. इथे पहिला प्रश्न येतो तो कुठे हात लावायचा नाही हा. आरशासमोर बसून, कोरड्या कागदाकडे पाहात, या चेहऱ्यातला कोणता उजेड मला वाचवायचा आहे हे ठरवणं हा साधनेचा भाग आहे असं मी मानते. कपाळ उजळ ठेवणारे बरेच असतात. गालाचं हाड उजळ ठेवणारे असतात. डोळ्याखालची पिशवी उजेडात ठेवायला फार थोडे तयार होतात, जरी खिडकीचा उजेड खरोखर तिथेच पडलेला असला तरी.

दुसरी गोष्ट वेळेची. तैलरंगातलं चित्र आठवडे, महिने चालतं. कालचा चेहरा आजच्या चेहऱ्याखाली जातो. रेम्ब्रांटनं सुमारे चाळीस वर्षं स्वतःला तैलरंगात रंगवलं आणि त्या थरांमध्ये जे साठलं त्याची बरोबरी दुसऱ्या कशाशी होणार नाही. जलरंगाचा स्वभाव वेगळा. वॉश ओला असतो तोवरच त्यात दुसरा रंग मऊपणे मिसळतो. अर्धवट वाळल्यावर त्यात पाण्याचा थेंब पडला, तर पाणी रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि दातेरी कड उमटते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले तर वाळताना निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत वेगळे बसतात आणि सावलीला रवाळ पोत येतो. रंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून ओल्या कागदावरचा अंदाज नेहमी थोडा गडदच धरावा लागतो. हे सगळं घडत असताना आपण केलेली घाई, एकाच जागी पुन्हापुन्हा फिरवलेला हात, मध्येच आलेला कंटाळा, यांची नोंद होत राहते. ज्या गालावर मन ठरत नव्हतं तो गाल मळतो. जिथे एका दमात ब्रश गेला तिथे रंग स्वच्छ राहतो. वाळलेल्या चित्रात आपण कसे दिसतो याच्या जोडीनं ती वेळ आपण कशी घालवली हेही वाचता येतं, आणि या दुसऱ्या वाचनात मला अधिक रस आहे.

आरशाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आरसा आपल्याला माहीत आहे असं आपण समजतो. एकदा आरशासमोर उभं राहून, एक डोळा मिटून, साबणाच्या वडीनं काचेवर आपल्या चेहऱ्याची कड आखून पाहा. ती आकृती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते. आरशाच्या जवळ गेलात, लांब गेलात, तरी निम्मीच, कारण प्रतिमा काचेच्या मागे तितक्याच अंतरावर असते जितके आपण पुढे असतो. इतकी वर्षं रोज पाहूनही हे आपल्या लक्षात आलेलं नसतं. दुसरा प्रयोग डोळ्यांचा. आरशात आधी डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या. नजर हललेली तुम्हाला दिसणार नाही. समोर बसलेल्या माणसाला ती सहज दिसते, पण डोळा झपकन हलतो त्या क्षणी मेंदू आपलं पाहणं दाबून टाकतो. स्वतःची नजर हलताना स्वतःला कधीच दिसत नाही, आणि तरीही आत्मचित्रात नजर रंगवायची असते. तिथे प्रत्येक जण काहीतरी भरून काढतो.

बहुतेक आत्मचित्रं कठोर किंवा उदास दिसतात. भुवया किंचित आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, डोळे रोखलेले. पाहणारा म्हणतो, किती दुःखी माणूस! पुष्कळदा ते दुःख नसतं, काम करतानाचं लक्ष असतं. आरशात पाहून कागदावर येईपर्यंत आकार ध्यानात धरून ठेवायचा ताण चेहऱ्यावर दिसतो आणि चित्रकार तो इमानानं उतरवतो. स्वतःच्या चित्राचं मानसशास्त्र लावायला निघण्याआधी हे ध्यानात असू द्यावं. उजेड पुरेसा ठेवावा हेही सांगते. २०१० साली जिओव्हानी कापुतो या इटालियन मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की मंद उजेडात दहाएक मिनिटं आरशात टक लावून बसलं, तर अनेकांना आपला चेहरा विकृत किंवा अनोळखी दिसू लागतो. तो दृष्टीचा खेळ आहे. त्याला अंतरंगाचं दर्शन समजून रंगवायला घेऊ नये. सकाळचा, खिडकीतून एका बाजूनं येणारा उजेड सर्वांत चांगला.

फोनच्या समोरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून त्यावरून रंगवलं तर चालेल का, असं हल्ली सगळे विचारतात. सरावाला चालेल. पण हाताच्या अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि मुख्य म्हणजे तो चेहरा आपल्याबरोबर थकत नाही. आरशातला चेहरा तासाभरात बदलतो. मान कलते, खांदा उतरतो, सुरुवातीचा आव गळून पडतो. त्या बदलणाऱ्या चेहऱ्याशी गाठ पडली नाही तर या पुस्तकातला निम्मा मजकूर उपयोगाचा नाही.

स्वतःचं चित्र म्हणजे एकट्या माणसाचा मोठा चेहरा, ही कल्पना आपण युरोपातून घेतली. आपल्याकडे पाण्यात कालवलेल्या, डिंकानं बांधलेल्या रंगांत चित्रकारांनी स्वतःला वेगळ्या जागी बसवलं आहे. अकबरासाठी १५९५ साली नक्कल केलेली कवी निजामीच्या ‘खम्सा’ची पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटच्या पानावर जहांगीरच्या हुकुमावरून दौलत या चित्रकारानं सुलेखनकार अब्द अल रहीम याला रंगवलं आणि त्याच्यासमोर, त्याचं चित्र काढत बसलेल्या स्वतःलाही. एक लिहितोय, दुसरा त्याला रेखाटतोय. जहांगीरच्याच दरबारातल्या बिचित्रचं उदाहरण आणखी विलक्षण आहे. १६१५ च्या पुढच्या दोनतीन वर्षांतलं त्याचं चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर एका सुफी शेखाला ग्रंथ देतोय. खाली ऑटोमन सुलतान आणि इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ताटकळत उभे आहेत. आणि सर्वांत खाली, डाव्या कोपऱ्यात, पिवळ्या जाम्यात स्वतः बिचित्र. त्याच्या हातात एक छोटं चित्र आहे, आणि त्या चित्रात तो वाकून मुजरा करताना दिसतो. सही त्यानं बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर केली आहे.

यात अंतरंग कुठे आहे, असं कुणी विचारेल. मला तर ते ओतप्रोत दिसतं. राजांच्या पंक्तीत आपल्याला जागा मिळाली याचा अभिमान, ती जागा सर्वांत खालची आहे याचं भान, आणि हे सारं जग माझ्याच ब्रशनं उभं केलंय ही खोल जाणीव, एवढं सगळं बोटभर आकृतीत आहे. गुलेरच्या नैनसुखनं १७३० च्या सुमारास स्वतःला एकट्याला रेखाटलं. ते चित्र चंदीगडच्या संग्रहालयात आहे. मांडीवर तख्ती, हातात कुंचला, नजर कागदावरून वर उचललेली. तिथेही माणूस आपल्या कामासकट आला आहे. एका प्रकरणात मी वाचकांना स्वतःचा चेहरा कागदाच्या कोपऱ्यात, अगदी लहान, आणि बाकीच्या कागदावर आपल्याला धरून ठेवणारी माणसं, खोली, कामाची जागा रंगवायला सांगितलं आहे. ती कल्पना बिचित्रची.

महाराष्ट्रात जलरंगाची परंपरा मोठी आहे. मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि पुढच्या दोनतीन पिढ्यांत आपल्या चित्रकारांनी हे माध्यम असं आत्मसात केलं की ते परकं उरलं नाही. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्यांचं समजतात. १९४५-४६ मधलं हे चित्र संपूर्ण जलरंगात आहे. समोर त्यांची मुलगी गीता उभी होती. वाऱ्यापासून ज्योत सांभाळणाऱ्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड हा कोऱ्या कागदावरून आलेला उजेड आहे, हे कळल्यावर छाती दडपते. ज्यानं कधी ब्रश धरला असेल त्याला त्यातली जोखीम कळेल.

पण या परंपरेनं आपल्याला साम्याची ओढही लावली. चित्र हुबेहूब आलं की काम फत्ते. आजही आपल्याकडची व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिकं गर्दी खेचतात, तासाभरात समोरचा माणूस कागदावर उभा राहतो आणि टाळ्या पडतात. ते कौशल्य मला मोलाचं वाटतं; त्याशिवाय पुढे जाता येत नाही. मात्र स्वतःचा चेहरा बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो तो मॉडेल परवडत नाही म्हणून. फुकटचा चेहरा, सरावापुरता. तो सराव झाला की चेहरा बाजूला पडतो. चित्र करताना मनात काय चालतं याबद्दल मराठीत प्रभाकर बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये लिहून ठेवलं आहे. १९९० चं ते पुस्तक माझ्या टेबलावर कायम असतं. स्वतःच्या चेहऱ्याबाबत तशी चिकाटी आपण अजून दाखवायची आहे.

आता शार्लोट सालोमोनबद्दल. तिच्याशिवाय हे पुस्तक मी लिहिलं नसतं.

शार्लोटचा जन्म १९१७ चा, बर्लिनमधल्या सुशिक्षित ज्यू घरातला. वडील शल्यचिकित्सक. ती लहान असताना, १९२६ साली, आई गेली. मुलीला सांगण्यात आलं की आई फ्ल्यूनं गेली. वडिलांनी पुढे एका गायिकेशी लग्न केलं. बर्लिनच्या कला अकादमीत शार्लोटला कसाबसा प्रवेश मिळाला. १९३८ च्या नोव्हेंबरातल्या ज्यूंविरुद्धच्या हिंसाचारानंतर वडिलांना छळछावणीत टाकलं गेलं. ते सुटून आल्यावर शार्लोटला दक्षिण फ्रान्समध्ये आजीआजोबांकडे पाठवण्यात आलं. युद्ध सुरू झालं आणि १९४० च्या मार्चमध्ये आजीनं आत्महत्या केली. त्या दिवसांत आजोबांच्या तोंडून शार्लोटला कळलं की तिच्या आईनंही आत्महत्याच केली होती. जिच्या नावावरून तिचं नाव ठेवलं त्या मावशीनंही. घराण्यातल्या आणखी काहींनीही. बावीस वर्षांच्या मुलीसमोर हे सगळं एकदम आलं. त्याच वर्षी काही काळ तिला आजोबांसोबत गुर्सच्या छावणीतही काढावा लागला. सुटून आल्यावर एका डॉक्टरांनी तिला चित्रं काढायचा सल्ला दिला.

तिनं समुद्राकाठच्या एका छोट्या हॉटेलात खोली घेतली आणि रंगवायला बसली. १९४० ते १९४२ या काळात तिनं तेराशेच्या आसपास कागद रंगवले, त्यांतले ७६९ निवडले आणि त्यांचा क्रम लावला. प्रत्येक कागद साधारण साडेबत्तीस बाय पंचवीस सेंटिमीटरचा. माध्यम गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. तांबडा, पिवळा, निळा आणि पांढरा, एवढ्यांतूनच तिनं सगळं केलं. या मालिकेला तिनं नाव दिलं ‘आयुष्य? की नाटक?’. स्वतःला तिनं त्यात शार्लोट कान या नावानं उतरवलं आणि स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखं लिहिलं. सुरुवातीच्या कागदांवर ट्रेसिंग पेपर टाकून त्यावर संवाद लिहिले आहेत. कुठे कोणतं संगीत वाजावं याच्या सूचना आहेत. आधीची दृश्यं बारीक, नटलेली, एकाच कागदावर अनेक प्रसंग मांडणारी. पुढे एकच चेहरा रांगेनं पुन्हापुन्हा येतो, बोलत राहतो. शेवटाकडे ब्रश धावू लागतो, तपशील गळतात, अक्षरं थेट चित्रावर चढतात. काळ किती उरलाय हे तिला कळलं असावं असं ते कागद पाहताना वाटत राहतं.

मला इथे सर्वांत जास्त शिकवून जाते ती तिची शिस्त. इतकं भयंकर काही आत असताना तिनं आक्रोश रंगवला नाही. तिनं खोल्या रंगवल्या, खिडक्या रंगवल्या, जेवणाची टेबलं, पलंगावर बसलेली आई, जिन्यावरून उतरणारी माणसं. कोण कुठे बसलं होतं, पडदा कोणत्या रंगाचा होता, याची आठवण तिनं इतक्या काळजीनं लावली की आतली वेदना त्या वस्तूंवरच येऊन बसली. मालिकेच्या अखेरच्या चित्रात ती समुद्राकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून बसली आहे, मांडीवर कागद, हातात ब्रश, आणि तिच्या उघड्या पाठीवर त्या मालिकेचं नाव लिहिलेलं. शेकडो वेळा स्वतःला रंगवल्यावर अखेरीस चेहरा दाखवायची गरज तिला वाटली नाही. १९४३ च्या सप्टेंबरात नाझींनी तिला पकडलं आणि ऑक्टोबरात आउश्विट्झला नेऊन मारलं. ती सव्वीस वर्षांची होती, पोटात मूल होतं. सारे कागद तिनं त्याआधीच गावातल्या डॉक्टरांकडे सोपवले होते. युद्धातून वाचलेल्या वडिलांपर्यंत आणि सावत्र आईपर्यंत ते पोचले, आणि १९७१ साली त्या दोघांनी ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयाला दिले.

कलेनं तिला वाचवलं, असं वाक्य तिच्याबद्दल अनेकदा लिहिलं जातं. मला ते वाक्य सहन होत नाही. तिला कुणीही वाचवलं नाही. चित्रांनी एवढं केलं की जे घराण्यात कुणी उच्चारलं नव्हतं ते तिनं डोळ्यांसमोर मांडलं आणि दोन वर्षं ती त्याच्याकडे पाहात राहू शकली. हे थोडं नाही, पण ते जेवढं आहे तेवढंच म्हणावं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. हे पुस्तक उपचाराचं नाही. चित्रकलेतून उपचार ही वेगळी, प्रशिक्षणानं येणारी विद्या आहे. एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं क्षयरोगाच्या आजारपणात स्वतः चित्रं काढत राहून तिचं महत्त्व ओळखलं आणि १९४२ साली तिला नाव दिलं. मन फार खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. रंग कुठे पळून जात नाहीत. मॅरिअन मिलनर या ब्रिटिश मनोविश्लेषक बाईंनी १९५० साली चित्र काढता न येण्याबद्दल एक सुरेख पुस्तक लिहिलं. त्यांचा अनुभव असा की ठरवलेली भावना एक असायची आणि हात मोकळा सोडला की कागदावर दुसरीच उतरायची. त्या फरकाकडे त्यांनी घाबरून न जाता पाहिलं, अर्थ लावायची घाई केली नाही. मला तीच रीत पटते. रडके डोळे, तुटलेला आरसा, काळी पार्श्वभूमी, चेहऱ्यावरून जाणारी भेग, ही सगळी खूणभाषा उसनी असते आणि ती वापरली की आपण स्वतःकडे पाहणं थांबवतो.

ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेनं स्वतःचं शरीर इतकं रंगवलं की त्याचं नाव घेतलं की ती वळलेली बोटंच आठवतात. १९१२ साली नॉयलेंगबाख गावात अटक होऊन तो चोवीस दिवस कैदेत होता. तिथे त्यानं जलरंगात जे केलं त्यात कोठडीतल्या पलंगाचं एक चित्र आहे. करड्या, मळक्या रंगांत पांघरुणावर एक संत्रं. त्या कोठडीतला उजेड म्हणजे हे एवढंच, अशा आशयाची ओळ त्यानं चित्रालाच जोडली आहे. माणूस चित्रात नाही. तरी शीलेच्या आत्मचित्रांत मी त्या चित्राला पहिल्या ओळीत ठेवते, आणि पुस्तकातलं एक प्रकरण चेहऱ्याशिवायच्या आत्मचित्रांना दिलंय ते याच चित्रामुळे.

कातडीच्या रंगाबद्दल आपल्याकडे स्वतंत्र लिहिण्याची गरज होती, म्हणून ते प्रकरण सर्वांत लांब झालं आहे. रंगपेटीतली ‘फ्लेश टिंट’ची गुलाबी ट्यूब आणि इंग्रजी पुस्तकांतली मिश्रणं आपल्या चेहऱ्यांसाठी बनलेली नाहीत. सावळ्या कातडीवर खिडकीचा उजेड पडतो तेव्हा कपाळावरची चकाकी गुलाबी नसते. आभाळ निळं असेल तर ती किंचित निळसर असते. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडं अलिझरिन आणि सावलीला अल्ट्रामरीन, यातून गव्हाळपासून गडद सावळ्यापर्यंत बहुतेक छटा मिळतात. ज्यांना लहानपणापासून आपल्या रंगावरून ऐकून घ्यावं लागलं, त्यांचा हात इथे हमखास अडखळतो. ते पाणी जास्त घालतात. चेहरा दोन छटा उजळ येतो आणि त्यांना ते कळतही नाही. आपला खरा टोन धीरानं, एका दमात कागदावर ठेवणं ही या पुस्तकातली सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय असलेली पायरी आहे. चष्म्यानं नाकावर पाडलेल्या खुणा, रोजच्या टिकलीच्या जागी उरलेला फिकट गोल, दाढीच्या खुंटांची हिरवट झाक, हे सगळं त्याच प्रकरणात येतं.

चित्र काढता येत नाही असं म्हणणाऱ्यांनीही सुरुवात करावी. साम्य आलं नाही तरी चालेल. निष्ठेनं पाहिलेलं, पण साम्य न साधलेलं चित्रसुद्धा आपल्याबद्दल पुष्कळ सांगतं. पहिल्या अभ्यासाला तीनशे जीएसएमचा पाव शीट कागद, एक मध्यम गोल ब्रश, पाण्याची दोन भांडी आणि बर्न्ट अंबर एवढा एकच रंग लागेल. आरसा डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी एका बाजूला. पेन्सिल घेऊ नका, ब्रशनंच सुरुवात करा. तासाभरात थांबा. चित्र वाळल्यावर मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि त्या दिवशीचं आभाळ कसं होतं ते लिहा. मनःस्थिती लिहू नका, ती पुढच्या बाजूला आलेलीच असते. आवडलं नाही म्हणून फाडू नका आणि आवडलं म्हणून लगेच कुणाला पाठवू नका. आठवड्याला एक, असे तीन महिन्यांचे कागद एका फाइलमध्ये साठले की ते जमिनीवर ओळीनं मांडा आणि मगच चौथं प्रकरण उघडा. तोवर ते वाचून उपयोग नाही, कारण त्यातला प्रत्येक प्रश्न तुमच्याच कागदांना विचारायचा आहे.